डीव्हीडी राइट व्हायला ३५ मिनिटं, अन् पाठवणीच्या जागी अटकते. काय करावं?

शूटिंगवाला_आर्णी

राम राम मंडळी. डोकं पार पिकलं म्हणून लिहून राहिलो.

आर्णी-दिग्रस रोडवर माझं गाव आहे. घराच्या पुढच्या खोलीत स्टुडिओ: लग्नाचं शूटिंग, मिक्सिंग, पासपोर्ट फोटो अन् बाकीच्या वेळात सातबाऱ्याच्या झेरॉक्स. यंदा एप्रिल-मेमध्ये १४ लग्नं केली. दर पार्टीला चार-पाच कॉप्या मारून द्याव्या लागतात. नवरीकडे एक, नवरदेवाकडे एक, मामाले एक (मामाले नाही भेटली तं मामा रुसते), मावशीले एक. म्हणजे सत्तरच्या आसपास डिस्क.

मशीन जुनीच आहे. पेंटियम ४, १ जीबी रॅम, विंडोज एक्सपी. हार्डडिस्क अन् डीव्हीडी रायटर दोन्ही चपट्या पट्टीच्या केबलवाले. कॅमेरा मिनी डीव्ही कॅसेटचा.

भानगडी दोन आहेत. पहिली स्पीडची. रायटर १६ एक्सचा आहे, म्हणजे साध्या स्पीडच्या १६ पट. दिवाळीपर्यंत साडेसहा मिनिटांत डिस्क निघायची, चहा पिऊन आलो की ट्रे बाहेर. आता ३५ मिनिटं लागून राहिली. त्या वेळात माउस पण अटकत अटकत सरकते, अन् सोबत गाणं लावलं तं करकर करते. आमच्याकडे भारनियमन कधी येईन सांगता येत नाही, यूपीएस दहा मिनिटांच्या वर धकत नाही. साडेसहा मिनिटांची डिस्क यूपीएसवर निघून जायची, ३५ मिनिटांची कुठून निघते? ३१ डिस्क वाया गेल्या आतापर्यंत. बाबांनी त्या सुतळीत ओवून गोठ्यात टांगून ठेवल्या. म्हणतात, फेकू नको, ज्वारीवर पाखरं बसतात तेव्हा कामी येतीन.

दुसरी भानगड इज्जतीची आहे. ज्या डिस्क निघतात त्या माझ्या कॉम्प्युटरवर शेवटपर्यंत चालतात. पार्टीच्या घरच्या प्लेअरवर दीड तास मस्त चालतात अन् शेवटी चौकोन चौकोन होऊन अटकतात. मागच्या सोमवारी भर दुपारी एका नवरीचे बाबा डिस्क घेऊन आले. ४५ डिग्रीत, दहा किलोमीटर गाडीवर. मी त्यांच्यासोबतच त्यांच्या घरी गेलो, पाहू म्हटलं. सगळं घर टीव्हीसमोर. नवरी उंबरठ्यावर आली, आईच्या गळ्यात पडली, इकडे बायांनी पदर डोळ्याले लावले, अन् नवरी चौकोनात फुटली. प्लेअर आतून कुई कुई करते, पुढे सरकत नाही. बाबा मले म्हणाले, "भौ, तू तं माह्या पोरीले दारातच उभी करून ठेवली. सासरी कवा धाडशीन?" सगळे हसले. मी काय हसू.

केलं ते सांगतो. रायटरचं सॉफ्टवेअर बदललं, आधी निरो होतं, आता इमगबर्न. अँटीव्हायरस बंद करून पाहिला. हार्डडिस्क डिफ्रॅग केली, रात्रभर लागली. लेन्स साफ करायची डिस्क फिरवली. फरक शून्य. डिस्क ५०च्या डब्यातल्या आहेत, यवतमाळहून आणल्या, वर कंपनीचं नाव नाही, नुसतं "१६ एक्स ४.७ जीबी" छापलं आहे. ८ रुपयाले एक पडली.

रायटर गेला का? नवीन घ्यायचा तं घेईन, पण आधी समजलं पाहिजे काऊन होऊन राहिलं.

माळरान

८ रुपयात अजून काय येणार भाऊ. चांगल्या डिस्क घ्या, विषय संपला.

हिंगणघाटची_ताई

माळरान, विषय एवढ्यात संपत नाही. भाऊंच्या भानगडी दोन वेगळ्या आहेत. एकच औषध दोघींना दिलं तर डिस्कही महाग पडतील आणि ३५ मिनिटंही तशीच राहतील.

भाऊ, स्पीडचं मी सांगते. माझं एमएस-सीआयटीचं केंद्र आहे, तुमच्यासारख्याच बारा मशीन मी सांभाळल्या आहेत. बर्निंग चालू असताना माउस अटकतो आणि गाणं करकर करतं, हे वाचलं तेव्हाच कळलं. रायटर डीएमएमधून घसरून पीआयओ मोडमध्ये गेला आहे. डीएमएमध्ये डेटा हार्डडिस्कवरून मेमरीत आणि मेमरीतून रायटरकडे जातो, प्रोसेसरला हमाली करावी लागत नाही. पीआयओमध्ये प्रत्येक पोतं प्रोसेसरनेच उचलायचं. मग माउस हलवायला तो मोकळा कुठून असणार?

एक्सपीची खोड अशी की केबलवर डेटा वाचताना-लिहिताना सहा वेळा चूक झाली की ते मोड एक पायरी खाली आणतं. असं करत करत पीआयओवर येऊन बसतं, आणि नंतर केबल सुधारली तरी आपणहून वर चढत नाही. एखादी ओरखडलेली डिस्क वाचायला घातली आणि ती अडकली, तरी या चुका मोजल्या जातात. दिवाळीच्या आसपास कोणाची तशी डिस्क कॉपी करायला बसला होता का, आठवून पाहा.

आधी खात्री करा. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर. त्यात आयडीई कंट्रोलरखाली सेकंडरी आयडीई चॅनल उघडा, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज पाहा. करंट ट्रान्सफर मोडसमोर पीआयओ लिहिलेलं असेल तर चोर सापडला. मग तोच सेकंडरी चॅनल अनइन्स्टॉल करायचा आणि मशीन रीस्टार्ट करायची. घाबरू नका, विंडोज तो पुन्हा शोधून बसवतं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

पण केबल तीच ठेवली तर महिन्याभरात परत तिथेच याल. पट्टीतल्या तारा नीट पाहा. जाड जाड ४० तारांची असेल तर काढून ८० बारीक तारांची लावा. निळं टोक मदरबोर्डला, काळं रायटरला. सगळी टोकं काढून घट्ट बसवा, आत धूळ असेल तर आधी ब्रशने झाडा.

आणि इमगबर्न घेतलंच आहे तर स्क्रीनवरच्या दोन पट्ट्यांवर नजर ठेवा, बफर आणि डिव्हाइस बफर (लिहायच्या आधी डेटा तात्पुरता साठतो ती जागा). त्या सारख्या रिकाम्या होऊन भरत असतील तर डेटाच वेळेवर पोहोचत नाहीये, म्हणजे दोष केबलीचा, मोडचा किंवा हार्डडिस्कचा. दोन्ही पट्ट्या भरलेल्या आहेत आणि तरी स्पीड चढत नाही, तर रायटरनेच त्या डिस्कला बघून पाय मागे घेतला आहे.

शूटिंगवाला_आर्णी

ताई, तुमच्या पाया पडतो. पीआयओच निघालं! दोन्ही पट्ट्या झोक्यासारख्या खालीवर होत होत्या, स्पीड १.६ एक्स.

अन् दिवाळीचंही आठवलं. शाळेच्या स्नेहसंमेलनाची एक डिस्क कोणीतरी कॉपीले आणली होती, पोरांनी बशी म्हणून वापरली असन अशी तिची हालत. अर्धा तास रायटर घरघर करत होता.

कॅबिनेट उघडलं तं आत कापूस. खोटं नाही सांगत. दोनशे मीटरवर जिनिंग आहे, नोव्हेंबरपासून सगळ्या गावात पिंजर उडते. पंख्यावर, केबलीवर, रायटरच्या फटीत पांढरी लव बसलेली. आमची आई म्हणे, यात तं एक वात होऊन जाईन. सगळं झाडलं. केबल ४० तारांचीच होती, कोणत्या तरी मेकॅनिकने आधी बदलून घातलेली दिसते. दिग्रसहून ८० तारांची आणली, ६० रुपये. चॅनल अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. आता अल्ट्रा डीएमए मोड २ दाखवते. डिस्क निघाली ६ मिनिटं १० सेकंदात!

पण नवरी अजून उंबरठ्यावरच आहे. तीच डिस्क त्यांच्या प्लेअरवर लावून आलो. तीच जागा, १ तास ३६ मिनिटं. सिनेमा एकूण १ तास ४४चा आहे.

मुठाकाठ

मोड २ म्हणजे ३३ एमबी प्रतिसेकंद, रायटरला पुरेसा आहे. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सुमारे १.३८५ एमबी प्रतिसेकंद. १६ एक्सला २२ एमबी होतात.

शेवटी अटकण्याचं कारण डिस्कच्या भूगोलात आहे. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, मध्यापासून २४ मिमीवर सुरुवात आणि ५८ मिमीवर शेवट. तुमची डिस्क काठोकाठ भरलेली आहे, त्यामुळे पाठवणी अगदी कडेला आली. आणि १६ एक्सवाला रायटर सगळी डिस्क १६ने लिहीत नाही. आत साधारण ६ एक्सने सुरू होतो, चढत चढत १६ला पोहोचतो तो कडेलाच. म्हणजे जिथे डिस्कवरचा रंगाचा थर एकसारखा पसरायची मारामार, तिथेच तुम्ही सर्वांत जोरात लिहिता.

निरोच्या सोबत जे डिस्क-स्पीड येतं त्यात गुणवत्तेची चाचणी आहे, तुमचा रायटर ती करू देत असेल तर करा. पीआय एरर (वाचतानाच्या चुका) २८०च्या आत आणि पीआय फेल्युअर (पहिल्या फेरीत न सुधारलेल्या चुका) ४च्या आत असायला हवेत. ते जमत नसेल तर सोपं आहे: डिस्कवरची शेवटची व्हीओबी फाइल (सिनेमाचे तुकडे या फाइलींत असतात) हार्डडिस्कवर कॉपी करून पाहा. पहिल्या चार सुरळीत येतात आणि शेवटची रखडते, असं झालं तर उत्तर मिळालं.

उपाय म्हणजे कमीत कमी वेगाने लिहा. २ एक्स किंवा ४ एक्स. जितकं हळू तितकं पक्कं.

बेंचवरचा_काका

शेवटची ओळ सोडून मुठाकाठ साहेबांचं सगळं बरोबर. मी नागपूरला पंधरा वर्षांपासून प्लेअर अन् रायटर दुरुस्त करतो. "जितकं हळू तितकं पक्कं" हे सीडीच्या जमान्यातलं चालत आलेलं आहे. १६ एक्सच्या डिस्कचा रंग जोरात लिहायसाठी बनवलेला असते, लेसरचा चटका किती वेळ अन् किती जोराचा द्यायचा ते रायटरच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या प्रोग्रॅममध्ये) त्या हिशेबानं बसवलेलं असते. तिले २ एक्सनं लिहिलं तर कधी कधी आणखी खराब निघते. पोळी मंद आचेवर ठेवून पाहा, कडक होते का नाही? ८ एक्सवर लिहा. नऊ मिनिटाच्या आसपास लागते, तुमच्या यूपीएसमध्ये बसते.

इमगबर्नमध्ये उजवीकडे डिस्क आयडी दिसते. एमसीसी ००४ म्हणजे मित्सुबिशी केमिकलची, एमबीआयपीजी१०१ म्हणजे आपल्या देशातली मोझर बेअरची. रायटर ही आयडी वाचूनच चटका ठरवते. आयडी ओळखीची नसली की अंदाजपंचे लिहिते. अन् बिननावाच्या डब्यावर कोणी दुसऱ्याची आयडी टाकलेली असली तर आणखीनच भानगड.

डिस्क काठोकाठ भरू नका. कॉम्प्युटर ४.३८ जीबी दाखवते तेव्हा ती भरलेली असते. तुम्ही ३.९वर थांबा, कडेचे अडीच मिलिमीटर मोकळे सुटतात. तुमच्या १०४ मिनिटांच्या सिनेमाले आवाज धरून ५.३ एमबीपीएस बिटरेटचा (दर सेकंदाले किती डेटा त्याचा) हिशेब बसते. आता ६ ठेवत असशान. टीव्हीवर कोणाले फरक दिसणार नाही, फक्त नाचाच्या सीनमध्ये बिटरेटची उसळी ८च्या वर जाऊ देऊ नका. स्वस्त प्लेअर तिथं दमते.

अन् एक विचारतो, खरं सांगजा. वर स्टिकर लावता का? नवरा-नवरीचा फोटो, सोनेरी बॉर्डर, गोल कागदी?

शूटिंगवाला_आर्णी

काका, लावतो. तुम्हाले कसं समजलं?

स्टिकर तं लावाच लागते, पार्टी तेच पाहते आधी. स्टिकर नसला तं म्हणतात, ही काय गाण्याची डिस्क दिली. माझ्याकडे लावायचा गोल ठप्पा पण नाही, डोळ्याच्या अंदाजानं चिकटवतो. डिस्क आयडी पाहिली, या डब्यातल्या दोन डिस्कच्या दोन वेगळ्या आयडी निघाल्या. एकाच डब्यात!

बेंचवरचा_काका

प्लेअर आतून कुई कुई करते म्हणालात ना, तेव्हाच ओळखलं. डिस्क म्हणजे पॉलिकार्बोनेटच्या अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरहून जराशा जाड दोन चकत्या चिकटवलेल्या. त्यावर एका अंगाले सरकलेला कागद लावला की गिरणीचा पाट एकीकडून जड झाल्यासारखं होते. हादरा कडेले सगळ्यात जास्त, अन् तुमची पाठवणी कडेलेच. त्यात उन्हाळ्यात कागद अन् प्लास्टिक सारखे ताणत नाहीत. कूलरच्या हवेनं कागद फुगते, गाडीच्या डिक्कीत आकसते, डिस्कले बाक येते. तुमच्या रायटरवर चालते कारण त्याची पकड नवी आहे. पार्टीचा प्लेअर पाच वर्षं लग्नाच्या कॅसेटी पाहून थकलेला असते.

लावलेले सोलू नका. अर्धे निघतात, तोल आणखी बिघडतो. पुढच्या वेळेस वरून पांढऱ्या येतात त्या प्रिंटेबल डिस्क घ्या. इंकजेटवर फोटो सरळ डिस्कवर छापा, ट्रेवाला प्रिंटर लागते. नाहीतर फोटो कव्हरवर लावा अन् डिस्कवर मार्करनं नाव टाका, मधल्या पारदर्शक गोलावर.

शूटिंगवाला_आर्णी

आज निकाल सांगायले आलो.

नागपूरहून कंपनीच्या २५ डिस्क मागवल्या, १७ रुपयाची एक पडली. सिनेमा ३.९ जीबीत बसवला. मग चार डिस्क तयार केल्या. एक, जुन्या डब्यातली १६ एक्सवर, स्टिकर नाही. दोन, जुन्या डब्यातली ८ एक्सवर, स्टिकर नाही. तीन, नवीन ८ एक्सवर, स्टिकर लावून. चार, नवीन ८ एक्सवर, वर कोरी. घेऊन त्याच घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला अन् म्हणाल्या, आता चार वेळा रडवतं का?

पहिली शेवटाकडे दोन जागी क्षणभर थांबली, पण पार झाली. दुसरी चालली, एकदा आवाज तुटला. तिसरी, १७ रुपयाची डिस्क अन् वरून सोनेरी बॉर्डर, तीच कुई कुई अन् नवरी उंबरठ्यावर! चौथी सरळ चालली. जीपचं दार लागलं, धूळ उडाली, शेवटी माझं नाव अन् मोबाइल नंबर आला. तो नंबर आजपर्यंत कोणत्याच पार्टीले दिसला नसन.

म्हणजे काका, ८ रुपयाच्या डिस्कले मी उगीच जास्त शिव्या दिल्या. ती काही चांगली नाही, पण माझा स्टिकर तिच्यापेक्षा वाईट निघाला. स्टिकरची ३०० नगांची रीम पडून आहे घरी.

आता शेवटचं विचारतो. बाकीच्या ९ पार्ट्यांच्या डिस्क बदलून द्यायच्या आहेत. ६ लग्नांचे प्रोजेक्ट हार्डडिस्कवर आहेत. तिघांचे जागेपायी उडवले. मिनी डीव्हीचा एक तास १३ जीबी खाते, ८० जीबीत किती ठेवू? कॅसेटवर पुढच्या लग्नांचं शूटिंग करून बसलो. त्या तिघांच्या स्टिकरवाल्या डिस्कवरूनच काढता येईन का?

हिंगणघाटची_ताई

येईल. तुमच्या रायटरवर त्या चालतात म्हणालात ना, मग आजच काढून घ्या, पावसाची वाट पाहू नका. इमगबर्नमध्ये डिस्कवरून इमेज बनवायचा पर्याय आहे. रीडचा वेग ४ एक्सवर आणा म्हणजे स्टिकर लावलेली डिस्क हादरणार नाही. मध्येच अडकली तर रद्द करा आणि नवरदेवाकडची किंवा मामाकडची कॉपी मागवून तिच्यावरून करा. चार कॉप्या एकाच जागी खराब असतील असं नाही. आणि आधी केबलचा मोड पाहून घ्या, अडकलेली डिस्क वाचता वाचता परत पीआयओत जाल.

शूटिंगवाला_आर्णी

एका लग्नाची निघाली, साडेचौदा मिनिटं लागली. दुसऱ्याची मामाकडून आणायची आहे. मामा आधीच रुसून आहे, आता तिथं कोणत्या तोंडानं जाऊ ते पाहतो.

स्टिकरची रीम आईनं मागितली, लोणच्याच्या बरण्यांवर लावते म्हणे.